किनाऱ्याजवळच्या पॉर्पॉइजची मोजणी: न दिसणाऱ्या प्राण्याचा हिशेब कसा ठेवायचा

डॉल्फिन मोजायचा असेल तर तो स्वतःच थोडी मदत करतो. उड्या मारतो, बोटीच्या पुढ्यात पोहतो, कळपाने हिंडतो. पॉर्पॉइज या त्याच्या लहानखुऱ्या समुद्री नातलगाकडून अशी अपेक्षा ठेवू नये. डॉल्स पॉर्पॉइजसारखा चपळ अपवाद सोडला, तर हे प्राणी एकेकटे किंवा दोन-तीनच्या गटात असतात आणि बोटीचा आवाज आला की बाजूला सरकतात. श्वासासाठी वर आले तरी पाठीचा गडद तुकडा क्षणभर दिसतो आणि मिटतो. फिनलेस पॉर्पॉइजच्या पाठीवर तर परसुद्धा नसतो, त्यामुळे परावरच्या खुणा पाहून एकेक प्राणी ओळखण्याची डॉल्फिनची पद्धत त्याच्यापुढे निकामी ठरते.

त्यामुळे समुद्रावर दिवसभर फिरून एकही पॉर्पॉइज दिसला नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: प्राणी नव्हते, किंवा होते पण आपल्याला दिसले नाहीत. यांतला कोणता अर्थ खरा, हे ठरवता येईल अशी नोंद ठेवणे हेच या कामाचे मर्म आहे. किती प्राणी दिसले यासोबत आपण किती शोधले, कुठे शोधले आणि तेव्हा समुद्र कसा होता, हे लिहिले नसेल तर वहीतला आकडा कुणाच्याही उपयोगाचा नाही.

आधी प्रश्न ठरवा, बोट नंतर

बहुतेक प्रकल्प बोट आणि दुर्बिणीपासून सुरू होतात आणि तिथेच फसतात. आधी एका वाक्यात लिहा: या माहितीवरून कोण, कोणता निर्णय घेणार आहे? जाळ्यांवर हंगामी बंदी घालायची की नाही, बंदराचा विस्तार कुठे करायचा, संरक्षित क्षेत्राची हद्द कुठून आखायची, अशा प्रत्येक प्रश्नाला वेगळी मोजणी लागते. हद्द आखायला वावर कुठे आहे हे कळले तरी भागते. जाळ्यांतले मृत्यू परवडणारे आहेत का, हे ठरवायला मात्र एकूण संख्या हवीच.

दुसरा हिशेब कागदावरच करा. दोन सर्वेक्षणे केली आणि प्रत्येकातल्या अंदाजाची सापेक्ष प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाजाच्या तुलनेत त्यातली नेहमीची अनिश्चितता, ३० टक्के आहे असे धरा. पॉर्पॉइजसाठी ही कामगिरी वाईट नाही. तरीही ९५ टक्के खात्रीने 'घट झाली' असे म्हणायला संख्या निम्म्याहूनही खाली यावी लागते. वर्षाला ५ टक्के घट दहा वर्षे चालली तर ४० टक्के प्राणी जातात, आणि एवढी मोठी घटही त्या दोन सर्वेक्षणांना दिसणार नाही. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या वाकिटा या पॉर्पॉइजबाबत हा धोका संशोधकांनी १९९३ मध्येच मांडला होता: इतक्या लहान समूहात घट आकडेवारीने सिद्ध होईपर्यंत प्राणीच संपलेले असतील. म्हणून किती घट, किती वर्षांत पकडायची आहे हे आधी ठरवा आणि त्यावरून फेऱ्यांची संख्या काढा. पैसे तेवढे नसतील तर क्षेत्र लहान करा किंवा पद्धत बदला. 'जमेल तेवढे करू' हे सर्वात महाग पडते.

क्षेत्र लहान करताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. उत्तर समुद्रात १९९४ आणि २००५ मध्ये मोठी सर्वेक्षणे झाली. हार्बर पॉर्पॉइजची एकूण संख्या दोन्ही वेळा साधारण तेवढीच, काही लाखांच्या घरात निघाली. पण प्राण्यांचा मुख्य वावर वायव्येकडून दक्षिणेकडे सरकला होता. फक्त उत्तरेचा किनारा पाहणाऱ्याने हाहाकार केला असता आणि दक्षिणेच्या माणसाने संवर्धन यशस्वी झाल्याचे जाहीर केले असते. आपला तुकडा लहान असेल तर शेजारच्या तुकड्यात काम करणाऱ्यांशी पद्धत आणि महिने जुळवून घ्या.

समुद्रावर रोज असणाऱ्यांना विचारा

पहिल्या महिन्यात बोट काढण्याआधी मच्छीमारांशी बोला. प्राणी कोणत्या महिन्यात दिसतात, उधाणाला की भांगाला, कोणत्या जाळ्यात सापडतात, पूर्वी कुठे दिसत आणि आता दिसत नाहीत, हे त्यांना ठाऊक असते. प्रश्न मात्र सगळ्यांना सारखे आणि त्याच क्रमाने विचारा. चित्रे दाखवताना त्यात त्या समुद्रात कधीच न आढळणारी एखादी प्रजाती मिसळा. तीही 'रोज बघतो' असे उत्तर आले, तर त्या मुलाखतीचे वजन कमी धरा. जाळ्यात मेलेल्या प्राण्यांचा विषय कायद्याच्या भीतीमुळे नाजूक असतो. नाव लिहिले जाणार नाही असे सांगा, आणि खरोखरच लिहू नका.

याच वेळी ओळख पक्की करून घ्या. पॉर्पॉइजच्या सात प्रजाती मानतात. यांगत्से नदीतला फिनलेस वेगळा धरला तर आठ. डॉल्फिनसारखी लांब चोच यांना नसते, तोंड बोथट असते. दात शंकूसारखे नसून फावड्यासारखे चपटे असतात. किनाऱ्यालगतच्या प्रजातींची लांबी बहुधा दीड-दोन मीटरच्या आसपास असते. लांबून दिसलेल्या प्राण्याबद्दल शंका असेल तर 'अनिश्चित' असा रकाना भरा. तो रकाना रिकामा ठेवणाऱ्या निरीक्षकाच्या नोंदींकडे मी तरी साशंक नजरेने पाहतो.

बोटीवरून मोजणी

नेहमीची पद्धत म्हणजे ठरलेल्या सरळ रेषांवरून बोट नेणे आणि दिसलेल्या प्रत्येक गटाचे रेषेपासूनचे अंतर नोंदवणे. रेषा किनाऱ्याला समांतर आखू नका. खोलीप्रमाणे प्राण्यांची दाटी बदलते, म्हणून उथळातून खोलात जाणाऱ्या, किनाऱ्याला काटकोनात असलेल्या रेषा हव्यात. पहिल्या रेषेची जागा चिठ्ठी टाकून ठरवा आणि पुढच्या रेषा समान अंतरावर आखा. 'जिथे हमखास दिसतात' तिथून रेषा नेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तसे केले की एकूण क्षेत्राबद्दल बोलण्याचा हक्क गेला.

वेग प्राण्याच्या सरासरी वेगापेक्षा बराच जास्त आणि कायम एकसारखा हवा; दहा नॉटच्या (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) आसपासचा वेग अनेक सर्वेक्षणांत वापरतात. निरीक्षकाचा डोळा पाण्यापासून जितका उंच तितके चांगले. एक जण डावीकडे, एक उजवीकडे, तिसरा नोंदींना आणि दर अर्ध्या तासाने जागाबदल, कारण थकलेला डोळा शून्य मोजतो आणि ते शून्य खऱ्या शून्यासारखेच दिसते.

सगळ्यात कडक नियम हवेचा. वारा आणि लाटा मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर २ च्या वर समुद्र गेला की थांबा. २ म्हणजे लहान लहरी असतात पण फेस नसतो. ३ ला मधूनमधून फेसाळ तुरे उठू लागतात आणि पाठीचा तो गडद तुकडा त्यांत हरवतो. फिनलेससाठी तर ० किंवा १ असलेलाच दिवस शोधावा. दिवसाचे भाडे भरलेले असते, माणसे जमलेली असतात, परतायला जिवावर येते. तरी परता.

प्राणी दिसला की त्याच क्षणी त्याचे बोटीपासूनचे अंतर आणि बोटीच्या दिशेशी होणारा कोन लिहायचा. कोन मोजायला लाकडी कोनफलक पुरतो, अंतरासाठी आत मोजपट्टी असलेली दुर्बीण. रेषेपासूनचे लंब अंतर गणिताने निघते: ३०० मीटरवर, २० अंशांत दिसलेला गट रेषेपासून सुमारे १०३ मीटर दूर असतो. इथे एक चूक हमखास होते. माणूस कोन ०, ५, १० अशा आकड्यांवर ओढतो, आणि १० अंशांवरचा प्राणी 'समोरच होता' म्हणून ० लिहितो. यामुळे रेषेवर खोटी गर्दी दिसते आणि संख्या फुगते. निघण्यापूर्वी अर्धा दिवस तरंगत्या बोयावर अंतर-कोनाचा सराव करा आणि प्रत्येकाची चूक लिहून ठेवा.

गणित कसे चालते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. १२० किलोमीटर रेषा झाल्या, १८ गट दिसले, गटात सरासरी दीड प्राणी, म्हणजे २७. अंतरांच्या नोंदींवरून निघाले की दोन्ही बाजूंना प्रभावी रुंदी, म्हणजे जेवढा पट्टा पूर्ण पाहिल्यासारखा धरता येतो तो, प्रत्येकी २५० मीटर आहे. पाहिलेले क्षेत्र झाले ६० चौरस किलोमीटर आणि दाटी प्रति चौरस किलोमीटर ०.४५. पण यात गृहीत धरले आहे की रेषेवरचा प्रत्येक प्राणी दिसलाच. तसे होत नाही. काही त्या वेळी पाण्याखाली असतात, काही वर येऊनही निसटतात. रेषेवरचे निम्मेच दिसतात असे स्वतंत्र चाचणीत निघाले तर खरी दाटी ०.९, म्हणजे थेट दुप्पट. ही चाचणी म्हणजे त्याच बोटीवर एकमेकांना न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या दोन निरीक्षक जोड्या ठेवणे. ते परवडत नसेल तर 'हा किमान अंदाज आहे' असे प्रत्येक तक्त्याखाली लिहा आणि दरवर्षी तीच बोट, तीच उंची, तोच वेग ठेवा.

अंतर वाढेल तसे दिसणे कसे कमी होते, तो आलेख नीट बसवायला साधारण ६० ते ८० नोंदी लागतात. एका हंगामात तेवढ्या मिळाल्या नाहीत तर त्याच पद्धतीने केलेल्या दोन-तीन हंगामांच्या नोंदी एकत्र करून प्रभावी रुंदी काढता येते. हे गणित 'डिस्टन्स' या मोफत संगणक प्रणालीत होते.

विमानातून मोजणी मोठ्या क्षेत्रासाठी उत्तम, पण खर्चिक. ड्रोन स्वच्छ, उथळ पाण्यात पिल्ले आणि शरीराची स्थिती पाहायला कामाचा. गढूळ पाण्यात त्याच्यावर पैसे घालू नयेत. पाण्याच्या नमुन्यातल्या डीएनएवरून प्राणी जवळपास येऊन गेला हे कळू शकते, किती होते हे नाही.

कान पाण्यात ठेवा

पॉर्पॉइजवर नजर ठेवण्याची माझ्या मते सर्वात भरवशाची पद्धत ऐकण्याची आहे. प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधण्यासाठी हा प्राणी जवळजवळ सतत 'क्लिक' असे तोकडे आवाज करत असतो, रात्रीसुद्धा, वादळातसुद्धा. त्याच्या क्लिकची वारंवारता १३० किलोहर्ट्झच्या आसपास असते. माणसाला फार तर २० पर्यंत ऐकू येते. क्लिक अरुंद पट्ट्यातली आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकी छोटी असते, तर बहुतेक डॉल्फिनची क्लिक रुंद पट्ट्यात पसरलेली. म्हणून दोघांचा आवाज वेगळा काढता येतो.

यंत्रे दोन प्रकारची. पहिले यंत्र ध्वनी साठवत नाही, फक्त क्लिकची वेळ आणि गुणधर्म टिपते. सी-पॉड आणि त्यानंतर आलेले एफ-पॉड या जातीचे. बॅटरीवर ते महिनोन्‌महिने चालते. दुसरे यंत्र पूर्ण ध्वनी टिपते, त्यामुळे इतर गोंगाटही मोजता येतो, पण साठवणीचा विचार आधी करावा लागतो. १३०-१५० किलोहर्ट्झचा आवाज पकडायला सेकंदाला तीन लाखांहून अधिक नमुने हवेत. सेकंदाला ३,८४,००० नमुने (३८४ किलोहर्ट्झ), प्रत्येकी १६ बिटचे, अशी सलग नोंद केली तर दिवसाला ६६ गीगाबाइट होतात. अशा वेळी दर तासातली ठरावीक मिनिटेच टिपावीत, पण ती मिनिटे सर्व ठिकाणी, सर्व वर्षे तीच असावीत.

यंत्राला पॉर्पॉइज ऐकू येतो तो फार तर काही शे मीटरवरून. म्हणून एक महागडे यंत्र ठेवण्यापेक्षा जाळीदार मांडणीत अनेक ठेवा. बाल्टिक समुद्रात २०११ ते २०१३ या काळात आठ देशांनी मिळून ३०४ ठिकाणी सी-पॉड ठेवले. त्यातून मुख्य बाल्टिकमधल्या समूहाचा अंदाज सुमारे ५०० प्राण्यांचा निघाला, आणि उन्हाळ्यात ते गोटलंड बेटाच्या दक्षिणेकडच्या उथळ मिडश्यो बँकांवर जमतात हे कळले. बोटीवरून ते कळणे जवळजवळ अशक्य होते, इतके ते विरळ आहेत. त्या अंदाजाची खालची मर्यादा शंभराच्या आत आणि वरची हजाराच्या पुढे होती, हेही सांगायला हवे.

मांडताना पुढच्या गोष्टींवर वेळ घालवा:

- जागा नकाशावर समान अंतराने ठरवा, मग ट्रॉलर कुठे ओढतात ते मच्छीमारांना विचारा. जागा थोडी सरकवलीत तर का सरकवली ते लिहा.
- सर्व यंत्रे तळापासून सारख्याच उंचीवर बांधा. साखळी खडखडते; दोर वापरा.
- बोयावर संपर्क आणि 'संशोधन यंत्र' असे स्थानिक भाषेत लिहा. हरवणारी यंत्रे सगळीच चोरीला जात नाहीत. कित्येक जाळ्यात येतात आणि कुणाला द्यायची हे कळत नाही.
- पाण्यात टाकण्यापूर्वी आणि काढल्यावर सगळी यंत्रे काही दिवस एकाच जागी शेजारी-शेजारी ठेवा. ज्याचा कान मंद आहे ते इथे उघडे पडते.

नोंदी आल्या की 'क्लिक किती' हा आकडा वापरू नका. एकच प्राणी यंत्राकडे तोंड करून घुटमळला तर हजारो क्लिक होतात. त्याऐवजी दिवसातल्या किती मिनिटांत निदान एक खात्रीची क्लिकमालिका आली ते मोजा. जोरदार ओहोटीत वाहणारी वाळू आणि बोटींचे सोनार खोट्या क्लिक देतात. सी-पॉड एका मिनिटात ४,०९६ क्लिकनंतर नोंद थांबवते. अशी अर्धवट मिनिटे विश्लेषणातून वगळा, शून्य धरू नका. दर महिन्याच्या काही मालिका डोळ्यांनी तपासा, केवळ संगणकाच्या वर्गीकरणावर विसंबू नका.

क्लिकमधली अंतरे आणखी एक गोष्ट सांगतात. भक्ष्याजवळ जाताना पॉर्पॉइज क्लिक इतक्या झपाट्याने देतो की दोन क्लिकमध्ये १० मिलिसेकंदही उरत नाहीत. अशा मालिका कुठे आणि केव्हा जास्त येतात त्यावरून खाण्याच्या जागा कळतात, आणि संरक्षणासाठी ही माहिती संख्येइतकीच मोलाची.

अधिवास म्हणजे केवळ पाणी नव्हे

डेन्मार्कच्या पाण्यात हार्बर पॉर्पॉइजच्या अंगावर यंत्रे लावून पाहिले तेव्हा ते तासाला ५५० पर्यंत छोटे मासे पकडण्याचा प्रयत्न करताना आढळले, आणि ९० टक्क्यांहून अधिक प्रयत्न यशस्वी होते. एवढासा देह थंड पाण्यात गरम ठेवायचा म्हणजे जवळजवळ अखंड खावे लागते. चार दिवस उपाशी राहण्याची चैन परवडत नाही. यावरून अधिवासात काय मोजायचे ते ठरते: आधी भक्ष्य, मग भक्ष्य जिथे गोळा होते त्या जागा, मग खाण्यात येणारा व्यत्यय.

प्रत्येक फेरीत खोली, तापमान, क्षारता, पाण्याची पारदर्शकता आणि भरतीची अवस्था ठरलेल्या ठिकाणी मोजा. पारदर्शकतेला काळी-पांढरी सेकी तबकडी पुरे. भरतीची अवस्था घड्याळाच्या वेळेने लिहू नका. 'पूर्ण भरतीनंतर किती तास' असे लिहा, म्हणजे वेगवेगळ्या दिवसांची तुलना होते. भक्ष्यासाठी स्थानिक बंदरावर उतरवलेल्या लहान माशांचे नमुने आणि मेलेल्या प्राण्यांच्या पोटातले माशांचे काटे व कानखडे (माशांच्या कानातले खडे) एकमेकांशी ताडून पाहा.

आवाजाबाबत एक सावधानता. जहाजांच्या गोंगाटासाठी युरोपात ६३ आणि १२५ हर्ट्झचे पट्टे मोजतात. मोठ्या जहाजांसाठी ते योग्यच, पण पॉर्पॉइजला त्या खर्जात फारसे ऐकू येत नाही. त्याच्या कामाचे पट्टे काही किलोहर्ट्झपासून वर आहेत, तेही मोजा. समुद्रात खांब ठोकण्याचे काम होणार असेल तर यंत्रे कामाच्या जागेभोवती नव्हे, दूरवर टप्प्याटप्प्याने ठेवा. पवनचक्क्यांचे खांब ठोकताना हार्बर पॉर्पॉइज २० किलोमीटरच्या आसपासपर्यंत बाजूला सरकल्याचे दिसले आहे. पाच किलोमीटरवरच मांडणी संपली तर सगळी यंत्रे शांत होतील आणि परिणाम कुठे संपतो ते कळणारच नाही. कामाआधीची निदान एक-दोन वर्षांची नोंद नसेल तर नंतरच्या कितीही नोंदी अपुऱ्या ठरतात.

मेलेले प्राणी आणि जाळी

किनाऱ्यावर आलेल्या मृत प्राण्याला हात लावण्याआधी परवानगी घ्या. बहुतेक देशांत हा प्राणी कायद्याने संरक्षित आहे. हातमोजे आणि मुखपट्टी अनिवार्य, कारण ब्रुसेलासारखे जंतू माणसात येऊ शकतात. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत मोजा. पाठीवरून फीत फिरवू नका. कुजण्याची अवस्था १ ते ५ अशी लिहा. डोके, पर आणि शेपटीच्या कडांवर बारीक दोऱ्यांचे वळ असतील तर जवळून, मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. पातळ जाळीच्या त्या खुणा लवकर पुसट होतात. दात वय सांगतात, चरबीचा थर पोषण आणि विषारी रसायने सांगतो.

प्राणी जिवंत असेल तर मोजणी विसरा. त्याला पोटावर सरळ ठेवा, श्वासरंध्र मोकळे राहू द्या, त्वचा ओली आणि सावलीत ठेवा, गर्दी हटवा आणि तज्ज्ञांना कळवा. शेपटी धरून ओढू नका.

किनाऱ्यावर येणारे मृत प्राणी एकूण मृत्यूंचा छोटा हिस्सा असतात, आणि तो हिस्सा वाऱ्या-प्रवाहानुसार बदलतो. म्हणून जाळ्यांतले मृत्यू थेट मोजावे लागतात: बोटींवर निरीक्षक किंवा कॅमेरे ठेवून. पाण्यात पडद्यासारखी उभी सोडलेली गिलनेट हा सर्वात मोठा धोका. 'किती सापडले' यासोबत 'किती लांबीची जाळी किती तास पाण्यात होती' हे लिहिलेच पाहिजे. पुन्हा तेच: प्रयत्न नोंदला नसेल तर आकडा मुका.

किती मृत्यू चालतील याचे एक सरळ सूत्र आहे. संख्येचा सावध, खालचा अंदाज घ्या. त्याला कमाल वाढदराच्या निम्म्याने, म्हणजे या प्राण्यांसाठी सहसा ०.०२ ने गुणा. मग समूहाच्या स्थितीनुसार ०.१ ते १ मधल्या गुणकाने गुणा. सावध अंदाज ४०० आणि गुणक ०.५ असेल तर उत्तर येते ४. वर्षाला चार. सहा गावांच्या बोटींत मिळून पाचवा प्राणी सापडला की मर्यादा ओलांडली. हा आकडा बैठकीत मांडला की 'अधूनमधून एखादा सापडतो' या वाक्याचा अर्थ सगळ्यांनाच बदललेला जाणवतो.

आकड्यांपासून निर्णयापर्यंत

प्रत्येक फेरीची मूळ नोंद, कच्चा ध्वनी आणि यंत्राचा क्रमांक जपून ठेवा. विश्लेषणाच्या पद्धती बदलतात आणि जुन्या नोंदी पुन्हा चाळाव्या लागतात. नवे यंत्र घ्यायचे झाले तर जुने आणि नवे निदान एक हंगाम शेजारी-शेजारी चालवा. नाहीतर यंत्राच्या कानातला फरक प्राण्यांची वाढ म्हणून छापला जाईल.

दरवर्षी तुलनेसाठी काढलेला आकडा, म्हणजे निर्देशांक, किती खाली गेला की काय करायचे, हे पहिल्याच वर्षी संबंधित खाते आणि मच्छीमार यांच्यासोबत बसून लिहून घ्या. वाकिटाच्या क्षेत्रात २०११ पासून दर उन्हाळ्यात ध्वनियंत्रांची जाळी मांडली जात होती आणि २०१५ पर्यंतच्या नोंदींनी वर्षाला सरासरी ३४ टक्के घट दाखवली. १९९७ मध्ये सुमारे ५७० असलेले प्राणी २०१६ पर्यंत तीसच्या आसपास उरले होते. मोजणी उत्तम होती. तोतोआबा माशाच्या वायुपिशवीसाठी चाललेली चोरटी जाळी मात्र थांबली नाहीत.

म्हणून प्राण्यांच्या आलेखाशेजारी दाबाचा आलेखही ठेवा: दर महिन्याला क्षेत्रात किती गिलनेट बोटी होत्या, किती मीटर जाळी, किती तास. प्राण्यांची संख्या वर्षांनी हलते, जाळ्यांची आठवड्यांत. यांगत्सेतल्या फिनलेसचे अंदाज २००६ मध्ये सुमारे १,८००, २०१२ मध्ये १,०४५, २०१७ मध्ये १,०१२ असे उतरत गेले. २०२१ पासून नदीवर दहा वर्षांची मासेमारीबंदी आली आणि २०२२ चा अंदाज १,२४९ निघाला. बंदीचा परिणाम एवढ्या लवकर संख्येत दिसला असे एका सर्वेक्षणावरून ठामपणे म्हणता येणार नाही, पण नदीतली जाळी किती कमी झाली हे मात्र पहिल्याच वर्षी मोजता येते.